ग्रहण, ज्वारीचा दाणा आणि जमखंडी

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी बेळगावच्या आकाशात चंद्राने सूर्याचा बराच मोठा भाग झाकला, तेव्हा आमच्या शाळेतील निम्मी मुले घरी दारे लावून बसली होती आणि जी आली होती त्यांना आम्ही शिक्षकांनीच वर्गाबाहेर पडू दिले नाही. फळ्यावर तीन वर्तुळे काढली की ग्रहण शिकवून झाले, अशी तोवर माझीही समजूत होती.

आता मी सुरुवात गणिताच्या तासाला करतो. डोळ्यापासून हातभर अंतरावर धरलेला ज्वारीचा दाणा पौर्णिमेचा चंद्र जवळजवळ झाकतो, हे मुले रात्री घरी पाहून येतात (सूर्यावर हा प्रयोग मुळीच करायचा नाही, हे मी दोनदा बजावतो). मग सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि सुमारे ४०० पट दूर आहे, हे गुणोत्तर त्यांना पाठ करावे लागत नाही.

ग्रहणात परातीतल्या पाण्यात मुसळ आपोआप उभे राहते, ही समजूत कन्नड घरांतही ‘ओनके’च्या नावाने आहे. कन्नडच्या बाईंनी ती मुलांकडून कन्नडमध्ये लिहून घेतली आणि मी ग्रहण नसलेल्या दिवशी वर्गात मुसळ उभे करून दाखवले, कारण सपाट बुडाचे मुसळ नीट तोलले तर कधीही उभे राहते. मराठीच्या तासाला ‘दे दान, सुटे गिराण’ पुरेसे होते.

खरा रस मात्र इतिहासात आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली आपल्याच भागावरून गेली आणि युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारे उपकरण) घेऊन थांबले होते ते पटवर्धन संस्थानिकांच्या जमखंडीत. ढगांच्या फटीतून त्यांना सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा ठळक रेषा दिसल्या, आणि सलग रंगपट्ट्याऐवजी अशा सुट्या रेषा तप्त विरळ वायूच देतो, म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या होत्या. त्या ग्रहणात दिसलेली पिवळसर रेषाच पुढे हेलियमची ठरली. जमखंडीला आजोळ असलेली मुलगी हे ऐकताना ताठ बसते.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास दिसेल. आमच्या खानापूरच्या आषाढात सूर्य दिसण्याची खात्री नाही, तरी ग्रहणाच्या चष्म्यांसाठी मुख्याध्यापकांकडे मी आताच अर्ज दिला आहे.