सुपरहिरो जिवावर उदार होतो तो प्रसंग लिहायचा कसा

सुपरहिरोच्या सिनेमातला बलिदानाचा प्रसंग दिसतो शेवटच्या वीस मिनिटांत, पण त्याची तयारी पहिल्या अर्ध्या तासात झालेली असावी लागते. ही तयारी राहून गेली की कितीही इमारती पाडा, प्रेक्षक हलत नाही. झालेली असली की एक खोटा हातबॉम्बही पुरतो.

‘कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अव्हेंजर’ (२०११) मध्ये स्टीव्ह रॉजर्स अजून किडकिडीत आहे, त्याला ताकद देणारं सीरम मिळालेलं नाही. प्रशिक्षणाच्या छावणीत कर्नल फिलिप्स हातबॉम्ब फेकतो. धट्टेकट्टे जवान सैरावैरा पळतात आणि हा पोरगा बॉम्बवर पालथा पडून बाकीच्यांना लांब जायला ओरडून सांगतो. बॉम्ब खोटा निघतो, पण त्याला ते माहीत नसतं. पळायला वाट मोकळी होती आणि आपलं काय होणार हेही त्याला कळत होतं. या दोन्ही गोष्टी हजर असतील तरच त्या कृतीला बलिदान म्हणता येतं. कोंडीत सापडून मेलेल्या पात्राबद्दल हळहळ वाटते, तेवढंच. पुढे तो विमानासकट बर्फात उतरतो ते आपल्याला पटतं, कारण ताकद नसतानाही तो असाच होता हे आपण पाहिलेलं असतं.

या प्रकारच्या कथेतली मोठी अडचण म्हणजे खुद्द ताकद. ज्याला गोळी लागत नाही त्यानं गोळीसमोर उभं राहण्यात कसलं शौर्य? म्हणून लेखकाला आधी ताकदीची मर्यादा ठरवावी लागते, आणि ती संवादात सांगून भागत नाही, घडताना दाखवावी लागते. ‘लोगन’ (२०१७) हा वुल्व्हरिनचा सिनेमा हे काम पहिल्या प्रसंगापासून करतो. त्याच्या जखमा लवकर भरत नाहीत, खोकला थांबत नाही, वाचायला चष्मा लागतो. हाडांवरच्या ज्या धातूनं त्याला अजिंक्य केलं, तोच आता त्याच्या अंगात विष भिनवतोय. त्यामुळे शेवटच्या जंगलात तो धावतो तेव्हा प्रत्येक वार आपल्याला मोजता येतो.

याबाबतीत ‘अव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) बारकाईनं, शक्यतो वही घेऊन पाहावा. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, अफाट शक्तीचे सहा खडे हातात घेऊन चुटकी वाजवतो तेव्हा तो मरणार हे कुणीच बोलून दाखवत नाही, तरी सगळ्या थिएटरला कळतं. कारण त्याच सिनेमात आधी महाकाय हल्क तीच चुटकी वाजवतो आणि त्याचा हात जळून निकामी होतो. त्याच्याही आधी, खडे नष्ट करताना आपण जेमतेम वाचलो हे खलनायक थॅनोस, ज्यानं त्याच खड्यांनी अर्धी जीवसृष्टी पुसली, तो स्वतः सांगतो. हल्कची ही गत, तर साध्या हाडामांसाच्या माणसाचं काय होईल, हे गणित प्रेक्षक मनातल्या मनात सोडवून बसलेला असतो. मधल्या काळात टोनीला तळ्याकाठचं घर, बायको आणि मुलगी मिळालेली आहे. काळात मागे जायच्या बेताला तो आधी साफ नकार देतो, आणि तयार होतो तेव्हाही मधल्या पाच वर्षांत मिळालेलं पुसलं जाऊ नये अशी अट घालतो. म्हणजे गमावण्यासारखं काय आहे, हे त्याच्याच तोंडून आलं आहे.

या प्रसंगाचं मूळ तर ‘द अव्हेंजर्स’ (२०१२) मध्ये आहे. तिथे स्टीव्ह टोनीला सुनावतो की तारेच्या कुंपणावर स्वतः पडून दुसऱ्याला वाट करून देणारा माणूस तू नव्हेस. मी सरळ तार कापीन, हे टोनीचं उत्तर. ते हुशार माणसाचं उत्तर आहे आणि चूकही नाही. सात वर्षांनी त्याच माणसासमोर अशी तार येते जी कापताच येत नाही. जादूगार डॉक्टर स्ट्रेंजनं भविष्याच्या १,४०,००,६०५ शक्यता पाहिलेल्या असतात आणि त्यातल्या एकीतच विजय असतो. टोनी विचारतो तेव्हा तो सांगत नाही, कारण सांगितलं तर ते घडणार नाही. शेवटी नुसतं एक बोट वर करतो. कुणीही हुकूम देत नाही, विनवणी करत नाही. निर्णय पूर्णपणे टोनीचा राहतो. मोठ्या पडद्यावर इतकं नेमकं काम फार क्वचित पाहायला मिळतं.

आता प्रसंग कोसळतो कुठे ते पाहू. सगळ्यात जास्त वेळा तो कोसळतो ‘दुसरा मार्ग होता की!’ या एका शंकेवर. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ (२०१६) मध्ये सुपरमॅन क्रिप्टोनाइटचा भाला घेऊन राक्षसावर झेपावतो. पण क्रिप्टोनाइट या दगडानं सुपरमॅनही दुबळा होतो. शेजारी वंडर वुमन आहे, लढण्यात वाकबगार, आणि तिला त्या दगडाचा त्रास नाही. भाला तिनं का नाही घेतला? ‘एक्स-मेन २’ (२००३) मध्ये जीन ग्रे फुटलेल्या धरणाचं पाणी मनाच्या बळावर अडवते, पण त्यासाठी विमानातून खाली का उतरते याचं पटणारं कारण मिळत नाही. प्रेक्षक शंका काढू लागला की रडायचं विसरतो.

यावर उपाय साधा आहे. मार्ग नुसता बंद आहे असं सांगायचं नाही, तो बंद होताना दाखवायचा. ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) मधला रेल्वेचा प्रसंग यासाठी अभ्यासावा. तो आधी रुळांवर पाय रोवून गाडी थांबवू पाहतो, जमत नाही. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळं फेकतो, तर भिंतींचे तुकडेच उखडून येतात. तिसऱ्यांदा एकामागून एक कितीतरी धागे टाकतो आणि स्वतःचे हात ताणून धरतो. दोन प्रयत्न फसल्यावर तिसऱ्याची किंमत कळते. एकच प्रयत्न घाईचा वाटतो, चार झाले की कंटाळा येतो. मुखवटा आधीच गेलेला असल्यानं प्रवाशांना त्याचा कोवळा चेहरा दिसतो, ते त्याला हातांवर उचलून आत घेतात, आणि शत्रू पुन्हा येतो तेव्हा तेच साधे लोक मध्ये उभे राहतात. शौर्य संसर्गजन्य असतं, हे इथे एकही भाषण न करता दाखवलं आहे.

बलिदान म्हणजे मरणच, असं नाही. ‘द डार्क नाइट’ (२००८) मध्ये बॅटमॅन सरकारी वकील हार्वी डेंटचे गुन्हे स्वतःच्या माथी घेतो आणि आपलं नाव गमावतो. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ (२०२१) मध्ये पीटर पार्कर स्वतःची ओळख साऱ्या जगाच्या आठवणीतून पुसून टाकायला सांगतो. पुढे तो प्रेयसी एमजे काम करते त्या दुकानात जातो, काय बोलायचं ते कागदावर लिहून नेतो, तिच्या कपाळावरची पट्टी पाहतो आणि ते न बोलताच परततो. किंमत चुकती होतेय आणि उद्याही होत राहणार आहे, हे आपल्या डोळ्यांदेखत घडतं. माझ्या मते मरणापेक्षा हे लिहायला अवघड आणि पाहायला जड आहे. मात्र दुसऱ्याचा जीव देणं या खात्यात येत नाही. थॅनोस खड्यासाठी दत्तक मुलगी गमोराला कड्यावरून ढकलताना रडतो खरा, पण तिला कुणी विचारलेलं नसतं.

मेलेला हिरो परत येतो तेव्हा काय करायचं, हा प्रश्न वरचेवर येतो. याचं उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्यातच सापडतं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट केला तो राजा हरिश्चंद्राचा, म्हणजे राज्य, बायको, मुलगा सगळं सोडणाऱ्या माणसाचा. शेवटी देव प्रकट होतात आणि सगळं परत मिळतं. तरी ती कथा फसवी वाटत नाही, कारण परत मिळणार हे हरिश्चंद्राला माहीत नव्हतं. तारामतीवर शस्त्र उगारताना त्याच्या लेखी सगळं संपलेलं होतं. किंमत मनात पूर्ण चुकती झाल्यावर मिळालेलं दान चालतं. याउलट ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ संपताना शवपेटीवरची माती हलते, म्हणजे प्रेक्षकाला शोक करायला पाच मिनिटंसुद्धा दिली जात नाहीत, आणि पुढच्याच वर्षी ‘जस्टिस लीग’मध्ये तो उठून बसतो. ‘द डार्क नाइट रायझेस’ (२०१२) मधला बॅटमॅन बॉम्ब घेऊन समुद्राकडे उडतो. विमान आपोआप चालवणारी यंत्रणा त्यानं आधीच दुरुस्त करून ठेवली होती, हे नंतर कळतं. शेवट गोड आहे, पण त्या उड्डाणाचं वजन मागाहून निम्मं होतं. पात्राला परत आणायचं असेल तर त्याची स्वतःची सुटका आधी आखलेली नसावी, आणि परतताना काहीतरी कायमचं गेलेलं असावं.

हॉलिवूडचे सुपरहिरोपट एक गोष्ट सहसा करत नाहीत: बलिदान फुकट जाऊ देणं. इथे इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदची आठवण येते. जटायू तिथे पडला अशी श्रद्धा आहे. वाल्मीकींचा जटायू रावणाला आधी समजावतो. मी साठ हजार वर्षांचा म्हातारा आहे, तू तरुण आहेस, तुझ्याकडे रथ आणि धनुष्य आहे, हे सगळं स्वतःच सांगतो, आणि तरी मी जिवंत असताना तू सीतेला नेऊ शकणार नाहीस असं बजावतो. तो रथ मोडतो, धनुष्य मोडतो, सारथ्याला मारतो आणि हरतो. सीता वाचत नाही. हाती उरतं ते एवढंच की राम येईपर्यंत तो प्राण धरून राहतो आणि तिला दक्षिणेकडे नेल्याचं सांगतो. त्या एका दिशेवर पुढची सगळी कथा चालते, आणि राम वडिलांसारखे त्याचे अंत्यसंस्कार करतो. हिरो हरूनही बलिदान उभं करायचं असेल तर यापेक्षा चांगला नमुना नाही: पूर्ण जाणीव, खरी झुंज, आणि मरणारा मागे ठेवून जातो अशी एक छोटी पण उपयोगी गोष्ट.

नाशिकमध्ये कमी पैशांत सुपरहिरोची शॉर्टफिल्म करणाऱ्यांसाठी हे सगळं एका उदाहरणात बसवून पाहू. बारा पानांची पटकथा, म्हणजे साधारण बारा मिनिटं. पंचवटीतला ढोल पथकातला मुलगा हातांनी पाणी थोपवू शकतो, पण प्रत्येक वेळी त्याची श्रवणशक्ती थोडी जाते. दुसऱ्या पानावर तो गंमत म्हणून नळाचं पाणी हवेत अडवतो आणि कानात शिट्टी वाजते. चौथ्या पानावर ढोलाच्या सरावात त्याचा ठेका पहिल्यांदा चुकतो. सहाव्यावर आई हाक मारते, त्याला ऐकू येत नाही, आणि याचं कारण त्याच्या लक्षात येतं. इथे त्यानं ताकद वापरायचं थांबवलं पाहिजे. हा नकार नसेल तर शेवटचा होकार हलका पडतो. आठव्या पानावर गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो. गोदाघाटावर नदीपात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती हे तुमचं घड्याळ आहे: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं की पूर किती चढलाय हे नाशिककराला सांगावं लागत नाही. अडकलेल्या माणसापर्यंत आधी दोर टाकून पाहायचा, तो तुटतो. जीवरक्षक उतरतात, प्रवाह त्यांना परत ढकलतो. मग दहाव्या पानावर मुलगा हात वर करतो. अकरावं आणि बारावं पान त्यानंतरच्या आयुष्याला द्यायचं, म्हणजे एकूण लांबीचा सहावा भाग. बहुतेक शॉर्टफिल्म इथेच कमी पडतात, कारण सगळी पानं पुरात वाहून गेलेली असतात.

चित्रीकरण खऱ्या पुरात करू नका. पाण्याची दृश्यं सुरक्षित उंचीवरून आधीच टिपून ठेवा, मुलाची दृश्यं पाणी ओसरल्यावर कोरड्या पायऱ्यांवर खालच्या कोनातून घ्या, आणि दोन्ही जोडायचं काम आवाजावर सोडा. घाटावर शूटिंगची परवानगी आधी काढा. श्रवणशक्ती जाण्याची कथा असल्यानं पुराचा आवाज टप्प्याटप्प्यानं कमी करत नेता येतो. हा परिणाम फुकट मिळतो आणि संगणकावर केलेल्या कुठल्याही दृश्य करामतीपेक्षा (व्हीएफएक्स) जास्त भिडतो.

लिहून झाल्यावर दोन गोष्टी कापा. एक, मरताना केलेलं भाषण. ‘वंडर वुमन’ (२०१७) मध्ये स्टीव्ह ट्रेव्हर निरोप घेतो तेव्हा स्फोटामुळे डायनाला, म्हणजे वंडर वुमनला, ऐकू येत नाही, आणि आपल्यालाही येत नाही; त्याचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात तो गेल्यानंतर. बोलायचंच असेल तर असं बोला. दुसरी, जुन्या आनंदी क्षणांची उजळणी. ती लागतेय असं वाटलं तर आधीच्या पानांत काहीतरी राहून गेलं आहे. मागे जाऊन ते लिहा. आणि शोक करताना भेदभाव नको. ‘एंडगेम’मध्ये टोनीला रीतसर निरोप मिळतो, त्याच लढ्यासाठी स्वतःहून कड्यावरून जीव दिलेल्या नताशाला (ब्लॅक विडो) मात्र तळ्याकाठी उभ्या सोबत्यांचं थोडंसं बोलणं. इतक्या चांगल्या बांधलेल्या सिनेमातली ही उणीव मला आजही खुपते. तिच्यासाठी दोन मिनिटं सहज निघाली असती.