क्रूस दिसतो तिथे ख्रिस्त असतोच असं नाही

सोमवार, रात्री

पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 18वा अध्याय आज पुन्हा वाचला. चेटूक, मंत्रतंत्र, मेलेल्यांना प्रश्न विचारणं, हे सगळं परमेश्वराला ओंगळ वाटतं, असं तिथे साफ लिहिलंय. या वचनाला वळसा घालून मला ॲनिमेबद्दल, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांबद्दल, बोलायचं नाही. मी या मालिका मनापासून पाहते आणि प्रभूवर माझा विश्वास आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून जगणं मला जमत नाही. "कथाच तर आहे" असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, कारण कथा मनात राहते. ती आपल्याला काहीतरी हवंसं वाटायला लावते.

पण याच पवित्र शास्त्रात शौल राजाची गोष्टही आहे. 1 शमुवेल, 28वा अध्याय. वेश पालटून तो रात्री एन-दोर गावच्या, मेलेल्यांना बोलावणाऱ्या बाईकडे जातो, मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर बोलाव म्हणतो, आणि ऐकायला काय मिळतं, तर उद्या तू आणि तुझी मुलं मरणार. चेटूक त्या पानावर अगदी डोळ्यांसमोर घडतं, तरी ते वाचून कुणाला त्या वाटेने जावंसं वाटत नाही. म्हणून मालिकेत जादू आहे का, एवढंच विचारून माझं भागत नाही. ती जादू दाखवून कथा माझ्या मनाला कशाची ओढ लावते, ते मला पाहायचं असतं.

मंगळवार

'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' पुन्हा सुरू केली. 2009 ची मालिका, हिरोमू आराकावा यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेली. ख्रिस्ती घरांमध्ये हिच्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात, आणि ते साहजिक आहे. नायक एडवर्ड देव मानत नाही, जमिनीवर वर्तुळं आखून किमया करतो, आणि कथेतल्या खलांची नावं सात घातक पापांवरून ठेवलेली आहेत.

दुसऱ्या भागात दोन लहान भाऊ मेलेल्या आईला परत आणायला बसतात. माणसाच्या शरीरात काय काय असतं याची यादी त्यांनी पाठ केलीय. पाणी 35 लिटर, कार्बन 20 किलो, अमोनिया 4 लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस 800 ग्रॅम, मीठ 250 ग्रॅम. सगळं मोजून आणलेलं. हिशोबात कुठे चूक नाही. आणि त्या वर्तुळातून जे बाहेर येतं ती आई नसतेच. एडवर्डचा पाय जातो, धाकट्या अल्फोन्सचं सगळं शरीरच जातं, आणि भावाचा जीव एका चिलखतात बांधून ठेवण्यासाठी एडवर्ड हातही देतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा मनुष्य घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. मुलांनी माती जमवली होती. श्वास कुणाकडून आणणार? नास्तिक नायकाची ही मालिका या एका प्रसंगात देवाची जागा माणसाने घेऊ नये हे इतक्या ठामपणे सांगते, की मी थांबवून तो भाग पुन्हा पाहिला.

लिओर गावाचा भागही तसाच. तिथला धर्मगुरू कॉर्नेलो सूर्यदेवाच्या नावाने चमत्कार करतो. मेलेला प्रियकर परत येईल या आशेवर रोझ नावाची मुलगी त्याच्या मागे लागलेली असते. एडवर्ड त्याचं ढोंग उघडं पाडतो. हा धर्मावरचा हल्ला आहे असं काही जण म्हणतात. मला तिथे पवित्र शास्त्रातल्या यहेज्केलाच्या पुस्तकाचा 13वा अध्याय आठवतो. पडायला आलेल्या भिंतीला चुना फासून लोकांना फसवणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांवर देव स्वतःच किती संतापलाय! खोटा देवमाणूस उघडा पडावा असं विश्वासणाऱ्यालाच सगळ्यांत आधी वाटायला हवं.

माझी खरी झटापट आहे ती समतुल्य विनिमयाच्या नियमाशी. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं द्यायला हवं, हा त्या जगाचा पाया. ऐकायला न्याय्य वाटतो, आणि म्हणूनच तो धोक्याचा. देवाशीही माझा व्यवहार असाच चाललाय असं मला कित्येकदा वाटत आलंय, इतकी प्रार्थना, इतकं चांगलं वागणं, मग त्याने एवढं द्यावं. इफिसकरांस पत्रातली कृपा, म्हणजे कमावून न मिळणारं देवाचं दान, हा हिशोबच मोडते. मालिकेला कृपा सापडते का? पूर्ण नाही. पण शेवटी अल्फोन्स म्हणतो, दहा मिळाले तर त्यात स्वतःचा एक घालून अकरा पुढच्याला देऊ. तो नियम जिथे अपुरा पडतो, तिथवर ती माणसं स्वतःहून पोचली. पुढचं पाऊल त्यांनी टाकलं नाही, आणि ते टाकून दाखवणं हे माझं काम आहे, आराकावांचं नाही.

गुरुवार

'निऑन जेनेसिस इव्हँजेलिऑन'बद्दल लिहायचं राहिलं होतं. 1995 ते 1996, 26 भाग. आदाम, लिलिथ, ख्रिस्ताच्या कुशीत खुपसलेला लाँगिनसचा भाला, स्फोट झाला की आकाशात उभा राहणारा क्रूस. एवढी ख्रिस्ती चिन्हं दुसऱ्या कुठल्या ॲनिमेत क्वचितच असतील. आणि सहदिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी पुढे उघडपणे सांगितलं, की त्यामागे ख्रिस्ती अर्थ नव्हता, ती चिन्हं दिसायला छान आणि वेगळी वाटली म्हणून घेतली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. ज्या लाकडावर माझा तारणारा मेला ते कुणाला नुसती नक्षी वाटावी? पण जपानचा इतिहासही विसरता येत नाही. 1549 साली ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरले. 1597 साली नागासाकीत 26 ख्रिस्ती लोकांना क्रूसावर मारलं. 1614 साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, ती 1873 पर्यंत उठली नाही. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावून कोण ख्रिस्ती आहे ते हुडकून काढत. आजही त्या देशात ख्रिस्ती लोक शंभरात जेमतेम एक. त्या समाजातल्या चित्रकाराला क्रूस परका आणि गूढ वाटणारच. तो माझी टिंगल करत नव्हता. त्याला ती ओळखच कुणी करून दिली नव्हती.

तरीही लहानांना मी ही मालिका दाखवणार नाही, आणि त्याचं कारण क्रूस नाही. तिच्यातली निराशा फार खोल आहे, आणि त्या विहिरीत उतरायला वय लागतं.

शनिवार

'फ्रीरेन' या मालिकेत क्रूस नाही. तिथे एक देवी आहे, मद्याची आवड असलेला पुरोहित हायटर आहे, आणि हजारो वर्षं जगणारी जादूगार फ्रीरेन. तिचा सोबती हिमेल मरतो, त्याच्या अंत्यविधीत ती रडते, कारण दहा वर्षं बरोबर फिरूनही तिने त्याला जाणून घेतलेलं नसतं. हायटर स्वर्गाबद्दल बोलतो त्याचा सूर असा, की जी माणसं जीव तोडून जगली त्यांचा शेवट शून्यात व्हावा हे बरोबर नाही, त्यापेक्षा ती स्वर्गात मजेत आहेत असं मानलेलं बरं. माझा विश्वास असा सोयीवर उभा नाही. तो ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरेवर उभा आहे. पण मरणाने सगळं संपू नये ही तळमळ मी त्याच्या बोलण्यात ओळखते. अथेन्समधल्या अरीयपगावर प्रेषित पौलानेही आपल्या भाषणात परक्या कवींची ओळ घेतली होती.

अडतं ते पुढे. फ्रीरेन निघते ती ऑरिओलला, जिथे आत्मे विसावतात, हिमेलशी बोलायला. म्हणजे सोमवारी वाचलेलं वचन इथे थेट लागू पडतं. मालिका सुंदर आहे म्हणून मी याकडे डोळेझाक करणार नाही. शौलाला लढाईत काय करावं ते हवं होतं, फ्रीरेनला न बोललेलं बोलायचं आहे. दुःख खरं, वाट माझी नव्हे. बाबा गेल्यावर मलाही असंच वाटायचं, एकदाच बोलता यावं. तेव्हा मला थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाने सावरलं. प्रभूच्या येण्यापर्यंत थांब, भेट आहे, असं तिथे सांगितलंय. ते माहीत असूनही फ्रीरेनचा प्रवास पाहताना डोळे भरून येतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

रविवार

उपासनेनंतर मैत्रिणीशी बोलणं झालं. ती मंत्रतंत्राच्या घरातून विश्वासात आली. पडद्यावर जादूचं वर्तुळ उमटलं तरी तिचा श्वास अडतो. ती आली की मी यातलं काही लावत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल पौल हेच सांगतो. माझ्या मोकळेपणामुळे भाऊ अडखळणार असेल तर मी ते खाणारच नाही. तिला "तुझा विश्वास कच्चा आहे" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिने जे भोगलंय ते त्यांनी भोगलेलं नाही.

दोन मालिका मात्र मी आज बंद केल्या, आणि त्यांत जादूचा संबंध नव्हता. शाळकरी मुलींच्या शरीरावरून कॅमेरा फिरवत राहायचा आणि त्याला विनोद म्हणायचं, हे मी पाहू शकत नाही. मंडळीत जादूवरून तासभर वाद होतात आणि यावर कुणी तोंड उघडत नाही, हे मला खटकतं.

तेरा वर्षांच्या भाच्याने 'ब्रदरहूड' पाहायची परवानगी मागितलीय. ताईचं म्हणणं, तू बरोबर बसणार असशील तर चालेल. बसणार आहे. तिसऱ्या भागानंतर, लिओर संपलं की, थांबवून यहेज्केल वाचू. तो मध्येच पुढचा भाग लाव म्हणून मागे लागेल, तेव्हा लावीन. सगळ्यात मोठा प्रश्न शेवटासाठी राखून ठेवलाय. कथेतला मुख्य खल 'फादर' आपल्या अंगातली सातही पापं उपटून बाहेर काढतो, त्यांना आपली मुलं म्हणून वाढवतो, तरी तो शुद्ध का होत नाही? माझं उत्तर मी आधी सांगणार नाही. त्याला काय वाटतं ते ऐकायचंय.