साज नको, रेशनकार्ड चिकटवा

आज दिवसभर मिक्स मीडियातली, म्हणजे कापड-कागद चिकटवून वर रेखाटलेली, बायकांची पोर्ट्रेट्स. कागद ३०० जीएसएमचाच घ्या, पातळ असला की गोंदानं वाकतोच. लुगड्याचा तुकडा आधी धुवा. खळ राहिली तर धड चिकटत नाही. फेविकॉल दोन भाग, पाणी एक भाग. मधून कडेकडे दाबत न्या, नाहीतर नेमका गालावर फुगा येतो! वाळल्यावर जेसोचा (चित्राआधी लावायच्या अस्तराचा) पातळ हात, मगच चारकोल.

कोल्हापुरी साज सोनेरी रंगानं चमकवला की चेहरा गुजरीतल्या, कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, जाहिरातीतला होतो. त्यापेक्षा गळ्याशी रेशनकार्डाची झेरॉक्स लावा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तिथं कुटुंबप्रमुख म्हणून घरातली थोरली बाईच असते. (सातबाऱ्यावर शोधा म्हणावं!) प्रत मात्र लेझरची हवी, इंकजेटची शाई गोंदात फुटते आणि नावच पुसलं जातं.