तुम्ही विचारलंत म्हणून: या गोळ्यांची सवय लागते का?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. दुकानातली गर्दी ओसरली की कुणीतरी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवतं आणि हळूच विचारतं, "ताई, ह्या गोळ्यांची सवय तर नाही ना लागत? जन्मभर घ्याव्या लागतील का?" चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोन औषधं असतात. वर नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन आणि खाली बेचैनी-झोपेसाठीचं क्लोनाझेपाम. दोन्ही गोळ्या एकाच डब्यात जातात, घरात दोन्हींना 'झोपेची गोळी' म्हणतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

क्लोनाझेपामनं लवकर आराम पडतो. छातीतली धडधड थांबते, रात्री डोळा लागतो. डॉक्टर ती साधारण पहिल्या काही आठवड्यांपुरती देतात, कारण वरच्या औषधाचा गुण यायला वेळ लागतो. सवय लागते ती हिची. महिनोन्‌महिने घेत राहिलं तर तेवढ्याच गोळीनं भागेनासं होतं आणि एकदम सोडली तर झोप उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटही येते.

नैराश्य उतरवणारं औषध वरचं. त्याची नशा होत नाही की तलफ येत नाही. पण त्याचा त्रास आधी होतो आणि गुण मागाहून येतो. पहिल्या आठवड्यात मळमळ, बिघडलेलं पोट, डोकेदुखी, बेचैनी. बरं वाटायला लागतं ते दोन ते चार, कधी सहा आठवड्यांनी. माणसं नेमकी मधल्या दिवसांत हात टेकतात.

मागे एक बाई आल्या. मोठ्या, म्हणजे नैराश्याच्या गोळीच्या पाकिटातल्या चार गोळ्या संपलेल्या, बाकीच्या तशाच. छोटीचं, म्हणजे क्लोनाझेपामचं पाकीट रिकामं. "मोठी परत घ्या, तिनं नुसतं मळमळतंय. छोटीच द्या दोन पाकिटं." असं मी किती वेळा ऐकते! त्यांना आत खुर्चीवर बसवलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मोठी काही दिवस अर्धी करून जेवणानंतर घ्यायला सांगितली. पुढच्या खेपांना छोटी हळूहळू कमी होत गेली आणि बंद झाली, मोठी चालू राहिली. जे व्हायला हवं ते हेच.

आणखी एक गोष्ट बघत जा. आपल्याकडे ही दोन्ही औषधं एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. तुमच्या पाकिटावर बारीक अक्षरात दोन्ही नावं असतील, तर 'यातली झोपेची कधी थांबवायची?' हे डॉक्टरांना पुढच्याच भेटीत विचारा. ते विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

जन्मभराचं म्हणाल, तर आजार पहिल्यांदाच झाला असेल तेव्हा पूर्ण बरं वाटल्यानंतर आणखी सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. दोन-तीनदा उलटला असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. बंद करतानाही डोस उतरवत न्यायचा, नाहीतर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यातून करंट गेल्यासारखं वाटतं. मग लोक म्हणतात, बघा, सवय लागली. ती सवय नव्हे, घाईनं सोडल्याचा त्रास आहे. शरीरसंबंधात मन न लागणं हाही या औषधांचा नेहमीचा त्रास आहे आणि त्यापायी न सांगता गोळी सोडणारे पुष्कळ आहेत. सांगा. औषध बदलता येतं.

मग गोळ्यांशिवाय नाहीच का? आहे ना. नैराश्य सौम्य असेल तर गोळीच्या आधी बोलण्याचे उपचार करून बघावेत, असंच आता सांगतात. तीव्र असेल तर दोन्ही बरोबर. आमच्याकडची अडचण अशी, की मानसतज्ज्ञाकडे दर आठवड्याला जायचं म्हणजे एक रोज बुडतो, वर एसटीचं भाडं. म्हणून गोव्यात झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. 'संगथ' संस्थेनं तिथं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना ते सहा ते आठ वेळा भेटले. भर कशावर, तर सुटलेली कामं थोडी थोडी पुन्हा हातात घेण्यावर. देवळात जाणं, शेजारणीशी बोलणं, स्वयंपाक. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के रुग्ण आजारातून बाहेर होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांतले 39 टक्के. हे प्रत्येक आरोग्य केंद्रात का नाही, याचा मला खरोखर राग येतो.

उपचार सुरू करताना थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या. पूर्वी कधी झोपेशिवाय दिवसच्या दिवस उत्साहात गेले असतील, पैसे उधळले असतील, तर तेही आवर्जून सांगा, कारण मग आजार वेगळा असू शकतो आणि नुसती नैराश्याची गोळी त्यात उलटू शकते. मेंदूला विजेचा शॉक देण्याच्या उपचाराची भीती सगळ्यांनाच असते. माणूस अन्नपाणी सोडतो, जीव द्यायच्या गोष्टी करतो, गोळ्या लागू पडत नाहीत, तेव्हा तो उपचार जीव वाचवतो. त्या दिवसांतलं थोडं विसरायला होतं, हेही खरं. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही.

राहिलं घरच्यांचं. पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाला एकटं सोडू नका. पंचविशीच्या आतली मुलं असतील तर जास्तच, कारण सुरुवातीला बेचैनी वाढून नको ते विचार बळावू शकतात. तसं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मनाच्या त्रासात मदतीसाठीचा टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. गोळ्यांचा डबा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात ठेवा. मीसुद्धा अशा घरी महिन्याचं औषध एकदम देत नाही, आठवड्याचं देते. रुग्णाऐवजी कुणीही न्यायला आलं तरी चालेल, फक्त गेल्या आठवड्याचं पाकीट बरोबर आणा, म्हणजे किती गोळ्या पोटात गेल्या ते मला कळतं.