रंगपंचमीचे पाहुणे

आत्ताच ताई, भावजी आणि दोन्ही भाचरांना पुण्याच्या गाडीत बसवून घरी आलो. यंदा रंगपंचमी रविवारी आली म्हणून मुलांची शाळा न बुडवता त्यांना आमच्याकडे इंदूरला येता आलं. फार बरं वाटलं.

काल रात्री सराफ्यात गेलो होतो. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, हे भावजींना खरंच वाटेना. भुट्ट्याचा कीस त्यांनी दोनदा मागून घेतला.

आज सकाळी गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळत जाणारी मिरवणूक. टँकरवरच्या यंत्रातून गुलाल असा उसळत होता की राजवाड्याचे वरचे लाकडी मजले दिसेनासे झाले. धाकटा भावजींच्या खांद्यावर बसून नुसता ओरडत होता. थोरलीला मी सांगितलं, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि 1984 च्या आगीत वाड्याचा बराच भाग जळाला होता. ती लगेच म्हणाली, "मग रंगाने काही होत नाही ना मामा त्याला?" किती माया त्या प्रश्नात! गेर सरताच सफाई कामगार झाडू घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांना मनापासून नमस्कार. आपला सण संपतो तेव्हा त्यांचं काम सुरू होतं.

आईने शेव आणि जीरावन मसाला बांधून दिलाय. ताई, पुढच्या वेळी सासूबाईंनाही घेऊन ये. गर्दी त्यांना सोसायची नाही, म्हणून राजवाड्याजवळच्या मित्राची गॅलरी आत्ताच सांगून ठेवतो.