पाचशे एक

कापसाच्या गाड्या जिनिंगकडे लागल्या की इकडे आमच्या तालुक्याच्या ऑफिसात वर्गणीची यादी फिरायला लागते. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळला जाणारा. पैसा माजी सैनिकांसाठी, शहिदांच्या घरच्यांसाठी जातो, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. म्हणणं असतं ते यादीत आपल्या वर कोण आहे आणि त्यानं किती टाकले याबद्दल.

जिल्ह्यावरून इष्टांक येतो आणि माणशी वाटला जातो. कर्ण एवढा दानशूर, पण त्यालाही कुणी टार्गेट दिलं नव्हतं.

पहिलं नाव साहेबांचं. त्यांच्यापुढे आकडा पडेपर्यंत खालचे सगळे पेनाचं टोपण काढून बसून राहतात. "सायबानं किती देल्ले जी?" एवढंच शिपायाला टेबलाटेबलावर ऐकायला मिळतं. साहेबांचे पाचशे, की मोठ्या बाबूंचे तीनशे, मग दोनशे, शंभर, पन्नास. साहेब रजेवर असले की देशप्रेमही रजेवर.

गेल्या साली एक नवीन पोरगा लागला. खेड्यातला, लग्नात आहेर लिहून हात बसलेला. त्यानं सरळ पाचशे एक लिहिले.

"अबे, काहून लिवलं?"

"वरचा एक शुभ असते ना जी."

मोठे बाबू चष्मा पुसून त्या एककाकडे पाहत राहिले. खोडावं तर सरकारी कागदावर खाडाखोड. साहेबांचे वाढवावेत तर साहेबांना रुपया मागायचा कोणी? लेखा शाखेचं तोंडी मत घेतलं गेलं. अखेर साहेबांच्या पाचशेपुढे बारीक अक्षरात 'अधिक एक' पडलं. पण बरोबरीही बरी दिसेना, म्हणून त्या एकाचे दोन झाले. ते दोन रुपये बाबूंनी आपल्या खिशातून डब्यात टाकले, कुणाला न सांगता, फोटोबिटो न काढता. मला विचाराल तर अख्ख्या यादीत मनापासून दिलेले तेवढेच.

कुठं पूर आला की एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री सहायता निधीला. द्यायचा नसेल त्यानं लेखी कळवावं. आता असं लेखी कळवणारा माई का लाल कोण आहे? पूर्वी देणगीवर आयकरात कलम ८०जीची सूट मिळायची तेव्हा लोक पावतीसाठी बाबूंच्या मागे लागत. नव्या करप्रणालीत ती सूट नाही, आणि पावती आता कुणी विचारत नाही.

उरलेल्या वर्गणीतून ब्लँकेटं आली. साहेबांना वेळ मिळाला एप्रिलात. वऱ्हाडातला एप्रिल! मंडपात ब्लँकेट अंगावर टाकून फोटो निघेपर्यंत एका म्हातारीचा धीर सुटला, "बाप्पा, भाजली ना मी!" फ्लेक्सवर साहेबांचा फोटो ब्लँकेटापेक्षा मोठा होता, आणि त्याचं बिलही.

२० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. लोकांच्या पैशातून पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा उभ्या करायच्या आणि आपण मात्र खराटा न् गाडगं घेऊन फिरायचं, असा तो माणूस आमच्याच जिल्ह्यातला. म्हणून यंदा त्या दिवशी ऑफिसच्या कंपाउंडला माणुसकीची भिंत उघडायचं ठरलं, म्हणजे नको असलेले कपडे टांगायचे, लागतील त्यानं न्यायचे. फीत कापली, आलुबोंडे झाले. खुंट्यांवर आलं काय, तर चेन तुटलेलं स्वेटर, जोडीदार हरवलेला मोजा, कुणाची तरी लग्नातली शेरवानी. ती या गावात कोण घालणार होतं देव जाणे. साहेबांनी मात्र चांगली कडक इस्त्रीची सफारी टांगली, पोट वाढल्यामुळे.

संध्याकाळपर्यंत ती कुणी नेली नाही, तेव्हा शिपायानंच नेली. त्याला ती फिट्ट बसली. दुसऱ्या दिवशी तो सफारी घालून गेटाशी उभा होता, तर एक म्हातारा हात जोडून समोर आला.

"सायेब, माह्या घरकुलाचं काय झालं जी?"

शिपायानं एकदा अंगावरच्या सफारीकडं पाहिलं, खिशात हात घातले अन् म्हणाला, "उद्या या."