भांगाच्या दिवसांत मालवण

मालवणला स्नॉर्केलिंगला, म्हणजे मुखवटा आणि नळी लावून पाण्याखालचं बघायला, जायचं ठरलं की बहुतेक जण आधी रजा बघतात, मग गाडीचं तिकीट, मग खोली. मी सांगेन, आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवरचं प्रवाळ काही कुठे जात नाही. ते तुम्हाला दिसणार की नाही हे पाणी ठरवतं, आणि पाणी तिथीवर चालतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी, ओहोटीही मोठी, पाण्याला ओढ जबर, आणि त्या ओढीने तळाची वाळू उचलली जाते. अष्टमी उलटली की हा जोर ओसरतो. हे भांगाचे दिवस. पाणी कमी चढतं, कमी उतरतं, गाळ खाली बसतो. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसातला भरती. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. हा अंदाजच आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ तिथल्या माणसालाच विचारायची. पण बेत आखायला एवढं पुरतं. दशमी ते द्वादशी पाणी भांगाचं असतं, भरती सकाळीच येते आणि त्या वेळी जमिनीकडून मतलई वारा वाहत असल्याने समुद्र सपाट असतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि तोंडातल्या नळीत पाणी जायला लागतं. तीन गोष्टी अशा एका सकाळी जुळून येतात, आणि त्यासाठी पैसे काही जास्त पडत नाहीत.

महिनाही महत्त्वाचा. सप्टेंबरात बोटी सुरू होतात खऱ्या, पण उत्तरेला गड नदी आणि दक्षिणेला कर्ली, दोघींनी पावसाळाभर आणलेला गाळ लगेच बसत नाही. दिवाळीनंतर पाणी निवळत जातं. नाताळ ते एक जानेवारी मालवणच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मी पौष वद्य दशमी धरली. पौषात लग्नसराई नाही, संक्रांत सोडली तर मोठे सण नाहीत, खोल्या मिळतात. त्यापुढे मात्र आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कळेपर्यंत थांबावं. ती तारीख पंचांगातून काढता येत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि एकदा जाहीर झाली की त्या आठवड्यातल्या गाड्या आणि खोल्या बघता बघता संपतात.

तिथी ठरली, की साठ दिवस आधी रेल्वेचं आरक्षण. उतरायचं कुडाळला. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही आहेत. देवबागला, म्हणजे एका अंगाला कर्ली आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशा त्या चिंचोळ्या पट्टीवर, राहण्याचा मोह होतो, आणि नुसता आराम हवा असेल तर तिथेच राहावं. पण सकाळी लवकर मालवणच्या जेटीवर पोचायचं म्हणून आम्ही गावातच एका घरगुती निवास-न्याहारीत उतरलो. आई, मी आणि सहावीतली भाची. फोनवर घरमालक काकांना तारखा सांगितल्या, त्यांनी मनातल्या मनात तिथी मोजली आणि म्हणाले, "दशमीक येतास? मगे बरा. भांगाचा पाणी निवळ असता." तेवढ्यावर माझी काळजी मिटली. आईची एकादशी असते, त्यामुळे तिरफळं घातलेलं बांगड्याचं सार आणि सुरमई दशमीच्या दुपारीच उरकून घेतली. त्या साराबद्दल स्वतंत्र लिहायला हवं.

एकादशीला सकाळी जेटीवर पोचलो तेव्हा पाणी पायऱ्यांवर बरंच चढलेलं होतं. बोटीत बसण्याआधी मी तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारलं, नांगर कुठे टाकता? तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पुळणीत टाकतंव, कातळार नाय." म्हणजे वाळूत, खडकावर नाही. हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा असं मला मनापासून वाटतं. लोखंडी नांगर प्रवाळावर पडला, की कित्येक वर्षांची वाढ एका घावात तुटते. आणि लाइफ जाकीट. भाचीला पोहता येतं, तरी ते घातल्याशिवाय मी तिला बोटीत पाऊल टाकू दिलं नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. बोटीत माणसं जास्त भरत असतील किंवा जाकिटं नुसती फळीखाली कोंबून ठेवलेली असतील, तर सरळ दुसरी बोट बघावी. भीड बाळगू नये.

किल्ल्याला वळसा घालून बोट खडकांपाशी थांबली. सोबतच्या पोराने मुखवट्याच्या काचेला आतून थुंकी चोळून धुऊन दिली, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. मुखवट्यात नाक बंद होतं, श्वास तोंडानेच घ्यायचा. पहिले काही श्वास सगळ्यांचेच अडखळतात. भाचीने दोनदा डोकं वर काढलं, तिसऱ्यांदा काढलंच नाही.

पाण्यात कान बुडाले की आधी आवाज येतो. फोडणीत मोहरी तडतडावी तसा, सगळीकडून, सतत. खडकांच्या फटींत राहणाऱ्या एका जातीच्या बोटभर कोळंबीचा हा आवाज. ती आपली मोठी नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, तोच तडाका आपल्याला ऐकू येतो. मग खाली नजर स्थिर होते. पिवळसर-तपकिरी गड्डे, काही मुठीएवढे, काही परातीएवढे. लांबून दगडच वाटतात. पण जवळून बघितलं, की सगळ्या अंगावर बारीक बारीक खळगे दिसतात, आणि प्रत्येक खळग्यात एक जीव. त्या जिवाच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं, त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं आणि रंगही त्याचाच. पाणी फार तापलं की हे शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. उष्णता टिकून राहिली तर मरतं. काही गड्ड्यांच्या कडा मला पांढऱ्या दिसल्या, आणि त्या मी भाचीला मुद्दाम दाखवल्या.

काळ्या पट्ट्यांचे, पाठीवर पिवळी झाक असलेले मासे अगदी काचेपाशी येतात. पोपटमासा खडक खरवडत होता. फटींत लांब काळ्या काट्यांचे समुद्री साळू होते, म्हणून आणि प्रवाळासाठीही, पाय खाली टेकायचाच नाही. दमलात तर उताणं होऊन तरंगा. अंदमान-लक्षद्वीपचे निळेशार फोटो डोक्यात घेऊन इथे येऊ नका. आपलं पाणी हिरवट आहे, नजर फार लांब पोचत नाही. पण जे दिसतं ते हाताच्या अंतरावर दिसतं, आणि ते आपल्या दाराशी आहे.

शेजारच्या बोटीवरून पावाचे तुकडे पाण्यात पडत होते. माशांची झुंबड उडते, व्हिडिओ छान येतो, म्हणून हे सर्रास चालतं. याने फार नुकसान होतं. पाव हे त्यांचं अन्न नाही, आणि खडकावरचं शेवाळ खाणारे मासे पावाच्या नादी लागले की ते शेवाळ वाढून प्रवाळाला झाकून टाकतं. आमच्या बोटीतल्या पोराला मी आधीच सांगून ठेवलं होतं, पाव नको, पैसे तेवढेच देईन. त्याने आढेवेढे न घेता पिशवी बंद केली. गिऱ्हाईक मागतं म्हणून ही मुलं पाव टाकतात. आपण नको म्हटलं की थांबतात. तसंच उन्हाच्या क्रीमचं. त्यातली काही रसायनं प्रवाळाला बाधतात, त्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालावा.

हा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा किल्ल्याच्या आणि शेजारच्या छोट्या पद्मगड किल्ल्याच्या अवतीभवती. स्थानिक मच्छीमारांचा अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध आहे आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. पण प्रवाळ जगलं तर पिल्लांना आसरा राहतो, आणि पिल्लं जगली तर जाळ्यात मासळी येते, हे आमच्या तांडेलालाच माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

ऊन चढल्यावर किल्ला बघितला. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. बुरुजांच्या आड दडलेला दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि चारही बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींना गोडं पाणी. आई साखरबावीपाशी बराच वेळ थांबली.

पद्मगडाला मोठ्या ओहोटीत पुळणीवरून चालत जाता येतं, पण भांगाला पाणी तेवढं मागे हटत नाही, त्यामुळे तो आम्ही किनाऱ्यावरूनच बघितला. ज्यांना तिथे जायचंय त्यांनी अमावास्या किंवा पौर्णिमा धरावी. तेव्हा भरती सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी पाच-सहाच्या आसपास. सोबत गावातलं माणूस घ्यावं आणि पाणी फिरायच्या आत परत निघावं. आणि मेअखेर ते ऑगस्टअखेर मालवणच्या बोटी बंद असतात, त्या दिवसांत यातलं काहीच होत नाही.